जुन्या अमेरिकन खिशातल्या चाकूचं साल कसं काढायचं

जुना अमेरिकन चाकू हातात आला की बहुतेक जण पातं उघडतात, बुडाशी असलेला शिक्का वाचतात, यादीत साल शोधतात आणि मोकळे होतात. चूक इथेच होते. शिक्का सुट्या पात्यावर मारलेला असतो, तोही पोलाद कडक करण्याआधी. शिक्के मारलेली पाती कारखान्यात साठवलेली असत आणि लागतील तशी जोडली जात. त्यामुळे एकाच चाकूच्या दोन पात्यांवर दोन काळांचे शिक्के सापडतात. केस कंपनीचे काही चाकू असे आहेत की एका पात्यावर 'केस एक्सएक्स' आणि दुसऱ्यावर 'केस एक्सएक्स यूएसए'. संग्राहक त्यांना 'ट्रान्झिशन' म्हणतात आणि ते अस्सल असतात. शिक्का फक्त एवढंच सांगतो की चाकू या सालाच्या आधीचा नाही. पुढचं मूठ, खिळे, लायनर आणि शील्ड यांच्याकडून काढायचं. चाकूतला सर्वांत तरुण भाग कोणता, ते सापडलं की वय सापडलं.

आधी भागांची नावं. पात्याचं मुठीत शिरणारं बूड म्हणजे टँग. त्याच्या धारेकडच्या बाजूला एक छोटा उंचवटा असतो, तो किक. पातं मिटलं की किक कमानीवर, म्हणजे पाठीच्या स्प्रिंगवर टेकते आणि धार कमानीला लागत नाही. मुठीच्या टोकांना धातूची टोपणं असतात ती बोल्स्टर, आतले धातूचे पत्रे ते लायनर, मुठीवर बसवलेलं कंपनीचं छोटं चिन्ह ते शील्ड. बोल्स्टर बहुधा निकेल सिल्व्हरचे, म्हणजे आपण ज्याला जर्मन सिल्व्हर म्हणतो त्याचे. त्यात तांबं, निकेल आणि जस्त असतं, चांदी नसते.

शिक्क्यांचा अभ्यास सुरू करायला पेनसिल्व्हेनियातल्या ब्रॅडफर्डच्या केसइतकी सोयीची कंपनी दुसरी नाही. 'डब्ल्यू. आर. केस अँड सन्स, ब्रॅडफर्ड' असा शिक्का 1905 नंतरचा. 'केस टेस्टेड एक्सएक्स' साधारण 1920 ते 1940. त्यानंतर नुसतं 'केस एक्सएक्स', 1964 च्या आसपासपर्यंत. 1965 पासून 1969 पर्यंत त्याखाली 'यूएसए' आलं. 1970 मध्ये शिक्क्याखाली दहा ठिपके दिले आणि दर वर्षी एक ठिपका कमी केला. यादी जवळ नसली तरी हिशेब सोपा आहे: 1980 मधून ठिपके वजा करा. सहा ठिपके म्हणजे 1974. 1980 मध्ये पुन्हा दहापासून सुरुवात झाली, पण तेव्हा नावातला 'एस' विजेच्या रेघेसारखा तिरका, टोकदार केला. तसा 'एस' दिसला तर 1990 मधून वजा करा. ठिपके मोजण्याआधी बुडाशी साचलेलं काळं तेल लाकडी दातकोरणीने काढा. मळाखाली एक ठिपका लपला तर एक साल चुकतं.

केसच्या टँगवरचा आकडाही वाचायला शिका. पहिला अंक मुठीचा पदार्थ सांगतो: 5 सांबरशिंग, 6 कोरीव हाड, 3 पिवळं कृत्रिम द्रव्य, 8 शिंपला, 1 अक्रोडाचं लाकूड. दुसरा अंक पात्यांची संख्या, उरलेले अंक नमुन्याचे. 6254 म्हणजे हाडाची मूठ, दोन पाती, 54 नंबरचा नमुना, ज्याला 'ट्रॅपर' म्हणतात. 3254 असा शिक्का असलेल्या चाकूला हाडाची मूठ दिसली तर मूठ बदललेली आहे किंवा पातं दुसऱ्या चाकूचं आहे. एवढी एक तपासणी केली तरी बाजारातले बरेच जुळवलेले चाकू बाजूला पडतात.

रेमिंग्टनचा काळ आखूड आणि म्हणून सोपा: कनेक्टिकटमधल्या ब्रिजपोर्टला 1920 पासून चाकू, आणि 1940 मध्ये तो विभाग पॅल कंपनीला विकला. इथे मुठीचा पदार्थ शेवटचा अंक सांगतो. आर1123 मधला 3 म्हणजे हाड. हाच 1922 चा 'बुलेट' चाकू, गोळीच्या आकाराच्या शील्डचा. 1982 पासून याच आकड्याच्या नव्या आवृत्त्या निघाल्या आहेत, म्हणून आकडा जुळला एवढ्यावर पैसे मोजू नयेत. विंचेस्टरने 1919 मध्ये दोन चाकू कारखाने विकत घेऊन सुरुवात केली आणि दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीच्या काळात काम थांबवलं. तिथे आकड्याचा पहिला अंक पात्यांची संख्या सांगतो.

श्रेडच्या शिक्क्यात एक सापळा आहे. 1904 ते 1946 'श्रेड कटलरी कंपनी, वॉल्डन', 1946 मध्ये मालकी बदलल्यावर 'श्रेड वॉल्डन', आणि 1973 पासून नुसतं 'श्रेड'. पण कारखाना एलनव्हिलला गेल्यानंतरही बरीच वर्षं शिक्क्यात वॉल्डन राहिलं. गावाचं नाव पाहून साल मागे ढकललं तर चुकाल. अमेरिकेतला कारखाना 2004 मध्ये बंद पडला. त्यानंतरचे 'श्रेड' बहुतेक चीनमध्ये बनलेले. हातोड्याच्या शिक्क्याबरोबर न्यू यॉर्क नाइफ कंपनीचं नाव असेल तर चाकू 1931 च्या आतला, कारण त्या वर्षी कंपनीच बंद झाली. 'कीन कटर' या ब्रँडच्या चाकूवर ई. सी. सिमन्स हे नाव असेल तर तो 1940 च्या आधीचा, कारण त्या वर्षी हे नाव शेपली कंपनीकडे गेलं. लष्करी चाकूंच्या बाबतीत काम आणखी सोपं: कॅमिलसच्या बऱ्याच स्टेनलेस चाकूंच्या टँगवर साल सरळ कोरलेलं असतं.

शिक्क्यावर देशाचं नाव आहे का, हेही पाहा. 1890 च्या मॅकिन्ली कायद्यामुळे 1891 पासून अमेरिकेत येणाऱ्या मालावर मूळ देश लिहिणं सक्तीचं झालं. अमेरिकन दुकानाचं नाव आणि त्याखाली 'जर्मनी' असेल तर चाकू परदेशी बनावटीचा आणि 1891 किंवा नंतरचा.

आता मूठ. मला यात सर्वांत जास्त रस आहे, कारण मूठ बदलणं सोपं आणि नेमकी जुनी मूठ परत मिळवणं जवळजवळ अशक्य. हाडाला दहापट भिंगाखाली पाहिलं की बारीक काळे ठिपके आणि आखूड रेघा दिसतात. त्या हाडातल्या रक्तवाहिन्यांच्या नळ्या. प्लास्टिकमध्ये त्या नसतात. डेलरिन हे प्लास्टिक 1960 च्या सुमारास बाजारात आलं. त्यामुळे 'केस टेस्टेड' शिक्क्यावर डेलरिनची मूठ दिसली तर मूठ नक्की नंतरची. केसच्या चाकूंवरचं हिरवट हाड साधारण 1950 च्या दशकाच्या मध्यापर्यंत चाललं आणि युद्धकाळात हाडाऐवजी 'रफ ब्लॅक' नावाचं खरबरीत काळं द्रव्य वापरलं गेलं. हाडाचा रंग वापराने आणि उजेडाने बदलतो, म्हणून नुसत्या रंगावर निकाल देऊ नका. दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांचं कोरीवकाम एकाच हातचं आहे का, ते बघा.

तापलेली सुई टोचून हाड की प्लास्टिक ते पाहायची सवय सोडलीच पाहिजे. मुठीवर कायमचा डाग राहतो, आणि मूठ सेल्युलॉइडची निघाली तर ती पेट घेते. भिंग पुरतं.

फसवणूक पकडायची तर चाकू मिटवून सुरुवात करा. पात्याचं टोक लायनरच्या आत बसलं पाहिजे. वर्षानुवर्षं धार लावून पातं झिजलं की टोक बाहेर डोकावू लागतं. मग लोक किक कानशीने घासतात, टोक आत जातं आणि चाकू नीट दिसतो. पण त्यामुळे पातं पूर्वीपेक्षा खोल बसतं, नखाने ओढायची खाच लायनरच्या कडेशी किंवा कडेखाली जाते आणि धार कमानीवर आपटून बोथट होते. किकवर कानशीच्या चकचकीत, ताज्या खुणा दिसल्या की समजावं. पात्याची रुंदी त्याच नमुन्याच्या जुन्या कॅटलॉगच्या चित्राशी ताडून बघा. झिजलेलं पातं मुठीजवळ रुंद आणि पुढे एकदम अरुंद होतं.

मग शिक्का. मऊ पोलादावर मारलेल्या मूळ शिक्क्याची अक्षरं खोल असतात, तळ सपाट आणि काळा असतो. कडक पोलादावर नंतर मारलेला शिक्का उथळ राहतो, आणि तो खोल करायचा तर पातं तापवून मऊ करावं लागतं. त्या तापाचे निळसर-तपकिरी पट्टे पुसायला मग सगळं पातं पॉलिश केलं जातं. जुना शिक्का घासून नवा मारला असेल तर टँग पातळ होतो आणि लायनरपाशी फट दिसते किंवा पातं डावीउजवीकडे हलतं. दोन पात्यांच्या टँगची जाडी कॅलिपरने मोजा. शिक्क्याच्या जागी जाडी अचानक कमी झाली असेल तर चाकू परत द्या. 1970 नंतरच्या केसचे ठिपके घासून तो 1965–69 चा म्हणून विकणंही याच पद्धतीने उघडं पडतं.

पॉलिशच्या रेघांची दिशा पाहायला बहुतेक जण विसरतात. कारखान्यातल्या चाकावर पातं आडवं धरलं जाई, म्हणून बारीक रेघा पाठीकडून धारेकडे जातात. रेघा पात्याच्या लांबीने असतील तर ते कुणीतरी हाताने, सँडपेपरने साफ केलेलं आहे. पात्यावरची कोरीव जाहिरात, म्हणजे एचिंग, बफिंगमध्ये सर्वांत आधी जाते, आणि तिच्याबरोबर चाकूची निम्मी किंमतही.

बोल्स्टरवर खिळ्याचं गोल वर्तुळ दिसतंय का, तेही तपासा. मूळ जोडणीत खिळा बोल्स्टरच्याच धातूचा असतो आणि ठोकून, घासून एकजीव केलेला असतो, त्यामुळे तो दिसत नाही. वर्तुळ ठळक दिसलं तर चाकू बहुधा कधीतरी उघडून पुन्हा जोडला आहे. शील्डभोवती डिंकाचा पिवळा काठ असणं हीसुद्धा वाईट खूण. अंधारात अतिनील दिवा धरला तर बरेचसे नवे इपॉक्सी उजळतात.

शेवटी चाल. पातं हळू उघडा: अर्ध्यावर थांबणारा नमुना असेल तर थांबलं पाहिजे, पुढे 'खट' असा आवाज करून बसलं पाहिजे. कमान सैल असेल तर पातं मिटताना शेवटच्या टप्प्यात आळसावतं. अशा पात्याला तेल उपयोगी पडत नाही. कमान झिजलेली किंवा वाकलेली असते. उलट चाल नुसती जड असेल तर सांध्यात खनिज तेलाचा एक थेंब टाका, वीस वेळा उघडमीट करा, बाहेर येणारा काळा मळ पुसा, आणि पुसलेलं कापड स्वच्छ येईपर्यंत हेच करत राहा.

प्रतवारीची भाषा ठरलेली आहे. 'मिंट' म्हणजे कधी न वापरलेला, कधी धार न लावलेला; 'एक्सलंट' म्हणजे पात्याची झीज दहा टक्क्यांच्या आत आणि मूठ अभंग; 'व्हेरी गुड' सुमारे पंचवीस टक्के; 'फेअर' पन्नास टक्के. साफ केलेला मिंट अशी प्रत नसते. माझ्या मते सुरुवात करणाऱ्याने एका कंपनीचे 'एक्सलंट' प्रतीचे पाचसहा चाकू घ्यावेत, वेगवेगळ्या शिक्क्यांचे. डोळ्याला मूळ पॉलिश कसं असतं ते त्यातून कळतं. झिजलेल्या पन्नास चाकूंतून कळत नाही.

तांबेरा काढताना तारेचा ब्रश आणि फिरतं चाक लांब ठेवा. पात्यावर तेल लावून एक दिवस सोडा, मग तांब्याच्या पट्टीच्या कडेने लाल गंज उचला. राखाडी-निळसर थर तसाच ठेवा, तो गंज थोपवतो. चाकू कातडी म्यानात किंवा कातडी अस्तराच्या गुंडाळीत साठवू नका. कमावलेल्या कातड्यात आम्ल आणि क्षार उरतात. पितळी लायनरवर हिरवा कळंक चढतो आणि पोलाद खाल्लं जातं. हाड फार कोरड्या हवेत आकसतं आणि खिळ्यापाशी तडकतं, त्यामुळे डब्यात सिलिका जेलचा अतिरेकही नको; आर्द्रता 45 ते 55 टक्क्यांच्या आसपास ठेवा.

सेल्युलॉइडच्या मुठी मात्र बाकीच्यांबरोबर एका डब्यात कधीच ठेवू नका. हे द्रव्य स्वतःहून विघटित होतं आणि त्यातून नायट्रिक आम्लाची वाफ सुटते. पहिली खूण बहुतेकदा मुठीवर दिसत नाही, शेजारच्या चाकूच्या पात्यावर दिसते: कालपर्यंत स्वच्छ असलेल्या पात्यावर बारीक गंजाचे ठिपके. मग मूठ घामेजते, आंबट-कापरासारखा वास येतो, तड्यांचं जाळं उमटतं. हे सुरू झालं की थांबवता येत नाही, आणि तो चाकू बंद डब्यात ठेवला तर वाफ कोंडून वेग वाढतो. वेगळ्या, हवा खेळत्या ट्रेमध्ये, उष्णतेपासून लांब ठेवा, पात्यांना मेणाचा पातळ हात द्या आणि महिन्यातून एकदा नाकाजवळ धरून बघा.