'यूज्ड टू' नेमकं कुठे वापरायचं?

मुलाखतीत उमेदवार सांगतो, "आय यूज्ड टू फाइल जीएसटी रिटर्न्स." त्याला म्हणायचं असतं, 'मी रिटर्न्स भरत असतो.' समोरचा समजतो, 'पूर्वी भरायचो, आता नाही.' हातातलं काम सुटल्यासारखं होतं, आणि ही चूक कुणी सहसा दाखवूनही देत नाही.

मूळ आपल्या 'असतो'मध्ये आहे. 'भरत असतो' ही आजची सवय, 'भरायचो' किंवा 'भरत असे' ही सरलेली. 'यूज्ड टू' फक्त सरलेलीचं काम करतं. आजच्या सवयीला साधा वर्तमानकाळ पुरतो: 'आय फाइल जीएसटी रिटर्न्स.' फार तर 'यूज्वली' जोडा.

किती वर्षं ते सांगायचं असेल तर सरलेल्या गोष्टीलाही 'यूज्ड टू' नको. मराठीत 'पाच वर्षं साताऱ्यात राहायचो' खपून जातं. इंग्रजीत 'आय लिव्ह्ड इन सातारा फॉर फाइव्ह इयर्स' हेच बरोबर.

प्रश्नात 'डिड' आला की भूतकाळ त्याच्याकडे गेला, म्हणून लिहिताना 'डी' गळतो: 'डिड यू यूज टू स्मोक?' बोलताना दोन्ही सारखेच ऐकू येतात, त्यामुळे तो 'डी' लेखी परीक्षेत हमखास चुकून तसाच लिहिला जातो.

आधी 'अ‍ॅम', 'इज', 'आर' लागला की अर्थच पालटतो. 'आय अ‍ॅम यूज्ड टू स्पायसी फूड' म्हणजे मला तिखटाची सवय आहे. सवय अजून लागतेय असं म्हणायचं तर 'गेटिंग यूज्ड टू'. यापुढे क्रियापद आलं तर त्याला 'आयएनजी' हवंच: 'आय अ‍ॅम यूज्ड टू गेटिंग अप अ‍ॅट फाइव्ह.' इथे 'गेट अप' चुकीचं. घोकायची गरज नाही, मराठीतही आपण 'उठ'ची सवय म्हणत नाही, 'उठण्याची' म्हणतो. नामासारखं रूप केल्याशिवाय 'ची' लागत नाही, तसंच या 'टू'चं.

तिसरा अर्थ सरळ वापरण्याचा: 'धिस नाइफ इज यूज्ड टू कट ब्रेड', म्हणजे ही सुरी पाव कापायला वापरतात. लिहिलेलं सारखंच दिसतं, पण कानाला फरक कळतो. आधीच्या दोन्ही अर्थांत उच्चार 'यूस्टू', 'स' स्पष्ट. सुरीच्या वाक्यात मात्र 'जवळ'मधला 'ज': 'यूज्ड', आणि मग 'टू'.