त्यांना ढकलतं कोण?

तुम्ही विचारलंत म्हणून. लग्नात विचारलंत, सोसायटीच्या गच्चीवर विचारलंत, एकदा तर दातांच्या डॉक्टरांनी माझं तोंड उघडं असताना विचारलं. मी प्रयोगशाळेत जी पाहते ती चांदीच्या सपाट पृष्ठभागावरची चांदीच्याच अणूंची बेटं, एक अणू जाडीची, ती सरकतात आणि भेटली तर एक होतात, एवढं ऐकलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "पण त्यांना ढकलतं कोण?" आणि लगेच, "म्हणजे आपल्या मुंबईसारखंच की! सात बेटांचं एक."

नाही हो. वरळी काही चालत महालक्ष्मीला आली नाही. मधल्या पाण्यात बाहेरून दगडमाती आणून बांध घातला. माझ्या चांदीवर बाहेरून कुणी काही टाकत नाही.

ढकलत कुणीच नाही. खोलीच्या तापमानाला जी ऊब असते तेवढी पुरते. बेटाच्या कडेच्या अणूंना शेजारी कमी, म्हणून ते सैल. एखादा सुटतो, कडेकडेने पळतो, दुसरीकडे चिकटतो. दादरच्या पुलावरचा घोळका आठवा: मधले हलत नाहीत, कडेचे इकडून तिकडे जाऊन उभे राहतात, आणि थोड्या वेळाने अख्खा घोळका खांबाच्या पलीकडे गेलेला असतो. शेकडो अणूंची बेटंही अशी हिंडतात, हे 1994 मध्ये अमेरिकेत आयोवामधल्या पॅट्रिशिया थील आणि जेम्स इव्हान्स यांच्या गटाने दाखवलं. हिंडतात म्हणजे तासाभरात काही नॅनोमीटर. एका मिलिमीटरात चांदीचे सुमारे 35 लाख अणू ओळीने बसतात, यावरून काय ते समजा. दिशा अशी नाहीच. आत्ता इकडे, मग तिकडे.

हे "कुणीच नाही" मी आता ठणकावून सांगते. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मात्र मीही तुमच्यासारखीच होते. एसटीएम म्हणजे पृष्ठभागाच्या अगदी जवळून सुई फिरवून अणूंच्या पातळीवरचं चित्र काढणारा सूक्ष्मदर्शक; त्याच्या सुईला एक चित्र काढायला काही मिनिटं लागतात. मी रात्ररात्र चित्रं घेत बसायचे. ज्या 19 जोड्या एक झाल्या होत्या, त्यांची चित्रं भेटीच्या क्षणापासून उलटी लावली आणि प्रत्येक चित्रात मधलं अंतर मोजलं. सगळे आलेख खाली उतरणारे! बेटं एकमेकांना ओढतात, मला शोध लागला होता. आईला फोन करून सांगितलं. स्लाइडवर लाल बाण काढले, जाडजूड.

शनिवारच्या बैठकीत एका ज्येष्ठ मॅडमनी चहाचा कप खाली ठेवून विचारलं, "आणि ज्या भेटल्या नाहीत, त्या जोड्या?"

"त्या मोजल्या नाहीत."

"का?"

"त्या भेटल्या नाहीत म्हणून."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. माझं वाक्य माझ्याच कानात पडलं आणि पुढच्या स्लाइडचं बटण काही दाबवेना. त्या रात्री उरलेल्या जोड्या मोजल्या. काही जवळ आलेल्या, काही लांब गेलेल्या, काही जवळ येऊन परत फिरलेल्या. ओढ कुठेच नव्हती.

तरी तेव्हाची ती मुलगी अजून माझ्याशी भांडते. म्हणते, टेकल्यावर काय होतं ते सांग ना! तेव्हा दोघांमध्ये बारीक मान तयार होते, डमरूसारखी. कडेचे अणू पळत येऊन त्या खाचेत बसतात, कारण तिथे शेजारी जास्त. खाच भरत जाते, डमरूचा जवळजवळ चौकोन होतो. ही ओढ नाही तर काय? मी म्हणते, ही टेकल्यानंतरची गोष्ट. ती म्हणते, म्हणजे मी चुकले नव्हते, थोडी घाई केली एवढंच. यावर मी तिला अजून धड उत्तर दिलेलं नाही. आणि चांदीचा स्फटिक दुसऱ्या अंगाने कापला, पृष्ठभागावर अणूंची चौकोनी नाही तर षटकोनी मांडणी येईल असा, की भेटीगाठी मागेच पडतात: लहान बेट अणू गमावत विरून जातं, मोठं फुगत राहतं. तिथे तिचे लाल बाण कुठे काढायचे, हे तीही सांगत नाही.

परवा रात्री एक जोडी अगदी जवळ आली. पुढच्या चित्रासाठी मी शेवटची लोकल सोडली. चित्र आलं, दोघं पुन्हा लांब. तीही जोडी वहीत लिहिली आणि टॅक्सी शोधायला खाली उतरले.