आधी प्राणी, मग राक्षस: आमची वाटचाल

आम्ही राक्षस बनवतो. टेबलाभोवती बसून फासे टाकत खेळायच्या कल्पनारम्य खेळांसाठी, गिऱ्हाईक सांगेल तसे, एकेक वेगळे. त्यातही आमचा हात बसलाय तो जादूनं रूप पालटलेल्या प्राण्यांवर. कुणा जादूगाराचा प्रयोग हाताबाहेर गेला, शापित विहिरीचं पाणी कळप प्यायला, उल्का पडलेल्या माळावर गवत निळं उगवलं आणि ते चरणाऱ्यांचं काहीतरी झालं, अशा गोष्टींतून जन्मलेले जीव. सोलापूरच्या पूर्व भागात आमच्या घराच्या वरच्या खोलीत हे काम चालतं. खालच्या खोलीत आमच्या अप्पांनी जन्मभर चादरींच्या नक्षीचे ग्राफ काढले.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. चार-पाच मित्र बसतात. एकजण डीएम होतो, म्हणजे गोष्ट तो सांगतो, जग तो सांभाळतो. बाकीचे एकेक पात्र घेतात. कुणी योद्धा, कुणी मांत्रिक, कुणी चोर. काय करायचं ते बोलून ठरवायचं आणि जमलं की नाही ते वीस बाजूंच्या फाशानं ठरतं. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आणला, तिथून हा प्रकार जगभर गेला. आता पुण्या-मुंबईत, बंगळुरात आणि सोलापुरातही याचे गट आहेत.

प्रत्येक राक्षसाचा एक स्टॅट ब्लॉक असतो. वार लागायला फाशावर किती पडायला हवेत तो एसी, किती मार सोसेल तो एचपी, चाल किती, हल्ले कोणते, खास शक्ती कोणत्या. हे सगळं तयार मिळतं, मग गिऱ्हाईक आमच्याकडं का येतं? कारण जुन्या खेळाडूंना तयार राक्षस पाठ असतात. ट्रोलच्या जखमा आपोआप भरतात आणि आगीनं किंवा ॲसिडनंच ते थांबतं, हे एकदा कळलं की ट्रोल दिसताच सगळे मशाली काढतात. समोर काय उभं आहे हे माहीत नसण्यातली धाकधूक निघून जाते. ती परत आणून देणं हा आमचा धंदा.

या कामात आमचा आदर्श म्हणजे आऊलबेअर. डोकं घुबडाचं, धड अस्वलाचं. गायगॅक्स यांनी दुकानातून आणलेल्या, हाँगकाँगमध्ये बनलेल्या स्वस्त प्लॅस्टिकच्या चित्रविचित्र खेळण्यांवरून जे राक्षस रचले, त्यांतला हा एक. दोन प्राणी एकमेकांना जोडले की झालं, इतकी साधी कल्पना. तरी ती पन्नास वर्षं टिकली. माझ्या मते याचं कारण म्हणजे त्यातलं अस्वल हरवलेलं नाही. एसी १३, एचपी ५९, ताकद २०, बुद्धी ३. नजर आणि नाक तिखट. तो मंत्र म्हणत नाही, उडत नाही, धमक्या देत नाही. हद्दीत आलात की अंगावर येतो, चोच मारतो, नखं मारतो. त्याच्यासमोर उभा असलेला खेळाडू अस्वलासमोर जसा विचार करेल तसाच विचार करतो. आमच्या कामाची सगळी रीत इथून निघाली: प्राण्याला जादूची बाधा होऊ दे, पण त्याला आधी जे हवं होतं, तेच नंतरही हवं असलं पाहिजे.

धंदा म्हणून हे उभं राहिलं ते २०२३ नंतर. त्या वर्षाच्या सुरुवातीला, या खेळाचे नियम इतरांना वापरू देणाऱ्या खुल्या परवान्याच्या अटी बदलणार अशी बातमी फुटली आणि जगभरचे खेळाडू व छोटे प्रकाशक खवळून उठले. अखेर २७ जानेवारी २०२३ ला मूळ नियमांचा संदर्भग्रंथ, आवृत्ती ५.१, क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुला झाला. श्रेय नोंदवा आणि वापरा, विकायलाही हरकत नाही. आमच्यासारख्या घरच्या खोलीतून काम करणाऱ्यांना एवढा भरवसा पुरेसा होता. त्या ग्रंथात लांडगा आहे, तरस आहे, आऊलबेअरही आहे. बिहोल्डर किंवा माइंड फ्लेअर हे या खेळातले गाजलेले राक्षस त्यात नाहीत, त्यामुळं ‘तसलाच एक करून द्या’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला आम्ही पहिल्याच फोनवर नाही म्हणतो.

आम्ही दोघं, मी आणि धाकटा भाऊ. मी नियम, आकडे आणि गोष्ट बघते. तो संगणकावर, ब्लेंडर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये, मूर्ती घडवतो आणि त्यांच्या थ्रीडी प्रिंट काढतो. सुरुवातीला त्याच्या हाताला फार घाई होती. सहा शिंगं, चार पंख, शेपटीला डंख, डोळ्यांतून ज्वाळा. असा एक जीव त्यानं मोठ्या हौसेनं अप्पांना दाखवला. अप्पांनी चष्मा पुसून नीट बघितलं आणि म्हणाले, “एकेक रंग वाढला की एकेक धोटा वाढतो बाळा. धोटा वाढला की माग सावकाश चालतो.”

अप्पांना फाशांचा खेळ येत नाही, पण ते बोलले ते अगदी बरोबर होतं. राक्षसाला दिलेली प्रत्येक शक्ती डीएमला भर खेळात लक्षात ठेवावी लागते. पाच शक्ती दिल्या तर दोन विसरल्या जातात आणि एकेक फेरी रेंगाळते. बहुतेक मारामाऱ्या तीन-चार फेऱ्यांत संपतात. राक्षसाची आव्हान-पातळी, म्हणजे सीआर, काढतानासुद्धा तीन फेऱ्यांतल्या माऱ्याची सरासरी धरायची पद्धत आहे. तेवढ्या वेळात दिसणार नाही ती शक्ती कागदावर ठेवून उपयोग काय? तेव्हापासून आमच्याकडं एका जीवाला एकच मोठी विकृती. आणि त्या विकृतीची किंमत त्या प्राण्यानं कुठंतरी मोजलेली असलीच पाहिजे.

आता आमच्या सगळ्यात जास्त खपलेल्या जीवाबद्दल सांगते, कारण आम्ही काम कसं करतो हे त्यावरून नीट कळेल.

पुण्याच्या एका डीएमना लांडगा हवा होता. ‘जादूनं बिघडलेला, भयानक, पण लहान पातळीच्या खेळाडूंना झेपणारा.’ सोलापूरकरांना लांडगा काही चित्रात बघावा लागत नाही. नान्नजच्या बाजूचं माळरान आपल्या उशाशी आहे. काळवीट, खोकड, लांडगे आणि मेंढरं घेऊन फिरणारे धनगर. भाऊ आणि मी तिकडं गेलो आणि ओळखीच्या एका धनगर मामांजवळ बसलो. भावानं मोबाईलवर कच्चं चित्र दाखवलं. जबड्याबाहेर आलेले लांबलचक सुळे, पाठीवर काटे.

मामा म्हणाले, “दात कशापायी वाढवायला लागलाव? लांडग्याला दात कमी न्हाईत. कुत्री कुठं गुंतल्यात तेवढंच त्येला बघायचं असतंय.” आणि मग त्यांनी हातातल्या काठीनं मातीत आखून दाखवलं. हा कळप. इकडून एक लांडगा मुद्दाम दिसेल असा उभा राहतो. कुत्री भुंकत त्याच्या मागं जातात, माणूसही तिकडंच धावतो. आणि मागच्या अंगानं, वारा तोंडावर घेत, दुसरा येतो आणि कोकरू उचलतो. “एकटा पडलेला लांडगा असला की त्येला ह्ये जमत न्हाई. त्यो उपाशीच मरतोय,” असं म्हणून मामांनी काठी पुसली.

एकटा पडलेला लांडगा. परतीच्या रस्त्यावर दुसरं काही डोक्यात नव्हतं.

मूळ नियमांत लांडग्याला कळपाची एक युक्ती आहेच. शिकारीपासून पाच फुटांच्या आत त्याचा साथीदार असेल, तर लांडगा हल्ल्याला दोन फासे टाकतो आणि मोठा आकडा घेतो. आमच्या लांडग्याचा कळप मेलाय. ज्या जादूनं कळप मारला, तिनंच याची सावली अंगापासून सुटी केली. आता ती सावली तीस फुटांपर्यंत स्वतः हिंडते, खेळाडूंसमोर उभी राहते, गुरगुरते. तिच्यावर केलेले वार वाया जातात. आणि नियमांच्या दृष्टीनं ती सावली हीच त्याची साथीदार. म्हणजे हा एकटा असून कळपासारखा लढतो. दात आम्ही वाढवले नाहीत, चावा मूळ लांडग्याचाच ठेवला. एसीही तोच १३. फक्त एचपी ११ वरून ३९ वर नेले, म्हणजे आठ बाजूंचे सहा फासे अधिक बारा यांची सरासरी, आणि सीआर १ ठेवला.

किंमत काय? सावलीला उजेड लागतो. भर दुपारी ती पायाखाली गोळा होते, म्हणून तो तांबडं फुटताना नाहीतर दिवस मावळताना येतो. आणि रात्री त्याला उजेड देतात ते खेळाडूच. मशालीचा उजेड वीस फूट लख्ख आणि पुढचे वीस फूट अंधूक पडतो. लांडगा आला म्हणून जो तो मशाल पेटवतो आणि मशाल पेटली की सावली उठते. विझवावी तर खेळाडू आंधळे, आणि लांडग्याचं नाक मात्र शाबूत. टेबलावर हा कोडं सोडवण्याचा क्षण येतो, तेव्हा सगळे गप्प होतात, मग कुणीतरी हळूच म्हणतं, “मशाल विझव.” हे बघायला मिळावं म्हणून मी हा धंदा करते.

एका गटानं तर त्याला मारलंच नाही. त्यांच्यातल्या एकीनं माणसाळवलेला लांडगा सोबत होता, तिनं तो पुढं केला. डीएमनं आम्हाला विचारलं, आता काय? मी सांगितलं, साथीदार मिळाला, आता सावलीची गरज काय, ती अंगाला परत चिकटेल. गोष्टीत हे कुठंही लिहिलेलं नव्हतं. पण त्या प्राण्याला काय हवं होतं ते ठाऊक असलं की उत्तर आपोआप मिळतं.

माळढोकाची मागणी आली तेव्हा घरात बराच वाद झाला. नान्नजचं अभयारण्य १९७९ सालचं, त्याच पक्ष्यासाठी राखलेलं, आणि आज तो इथं दिसणं दुर्मीळ झालंय. जगातून संपत चाललेल्या पक्ष्याला फाशांनी मारायला द्यायचं का? भावाचं म्हणणं होतं, करूच नये. मला वाटत होतं की करावा, पण मारण्यासाठी नाही. शेवटी केला. दोन माणसांएवढा उंच झालेला माळढोक. नर गळ्याची पिशवी फुगवून घुमतो, तो घुमकार आमच्याकडं इतका खोल झालाय की ऐकणाऱ्याचे पाय लटपटतात. मादी जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते, ते आम्ही तसंच ठेवलं. आणि खऱ्या माळढोकाचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात, त्याला समोरचं फार कमी दिसतं. विजेच्या तारांना धडकून तो मरतो, त्याचं हे एक मोठं कारण आहे. म्हणून आमच्या माळढोकापुढं थेट समोरून, हळू चालत जायचं. बाजूनं लपतछपत गेलात की त्यानं तुम्हाला बघितलंच. मारला तर अनुभवाचे गुण शून्य, अंडं सुरक्षित राहिलं तर पूर्ण गुण. हा फार विकला जात नाही. तरी आमच्या यादीतून तो निघणार नाही.

शरभ, मकर, दोन डोक्यांचा गंडभेरुंड पक्षी यांबद्दलही विचारणा होते, विशेषतः परदेशातून. आपल्याकडं किल्ल्यांच्या दरवाज्यांवर शरभ कोरलेत आणि असे जोडजीव रचण्यात आपले शिल्पकार फार पुढं होते. मी ती शिल्पं तासन्‌तास बघते. पण शरभ हे शिवाचं रूप, मकर गंगेचं वाहन. त्यांना एचपी लावून मारायला देणं मला पटत नाही. ते वाटेत भेटतील, सल्ला देतील, रस्ता अडवतील. त्यांचा स्टॅट ब्लॉक आमच्याकडं मिळणार नाही.

मूर्तींबद्दल थोडं. खेळताना टेबलावर मांडलेल्या नकाशावरचा एक इंच म्हणजे पाच फूट, त्यामुळं माणसाएवढ्या जीवाचा तळ २५ मिलिमीटरचा आणि त्याहून मोठ्याचा ५० चा. रेझिनचे थर ०.०५ मिलिमीटरचे. प्रिंट निघाली की अल्कोहोलनं धुवायची, मग अतिनील दिव्याखाली पक्की करायची, हातमोजे आणि मास्क घालूनच. सोलापूरच्या उन्हाळ्यात कुरिअरच्या गाडीत पातळ भाग मऊ पडून वाकतात, म्हणून भावानं घोटे, शेपट्या आणि शिंगं जाड घडवायची सवय लावून घेतली. मधेच वीज गेली की थरावर रेघ उमटते, त्यासाठी इन्व्हर्टर. एप्रिल-मेमध्ये तो पहाटे प्रिंट लावतो.

एक गोष्ट मात्र आम्ही कधीच टाळत नाही. कुठलाही जीव गिऱ्हाइकाकडं जाण्याआधी दोन वेगळ्या गटांसमोर जातो. एक नवखा, एक मुरलेला. नियमाप्रमाणं सीआर १ म्हणजे पहिल्या पातळीचे चार विश्रांती घेतलेले वीर एकही न गमावता जिंकावेत, पण कागदावरचं हे गणित आणि रविवारची दुपार यांत फरक असतो. पोरं शेंगाचटणी आणि कडक भाकरी खात खेळतात आणि मी वही घेऊन बाजूला बसते. कोण कधी घाबरलं, कोण कधी कंटाळलं, डीएमनं कागद किती वेळा उलटला. तिसऱ्यांदा उलटला की ती शक्ती काढून टाकायची.

सध्या एकरुखच्या तलावाकाठच्या जीवांचा संच चालू आहे. बगळा, मरळ मासा, पाणसाप आणि एक घोरपड. घोरपड जवळपास तयार आहे, मरळ अजून ऐकत नाही.

नवीन काम द्यायचं असेल तर आम्हाला चित्र पाठवू नका. खेळाडू किती, कुठल्या पातळीचे आणि गेल्या दोन-तीन सेशनमध्ये त्यांनी कशाला कसं हरवलं, ते लिहा. कुठला प्राणी तुम्ही स्वतः जवळून बघितलाय, तेही लिहा. शेजारच्या गोठ्यातली म्हैस असली तरी चालेल.