तुम्ही विचारलंत म्हणून: गोठ्याला वास कसा येत नाही?

रविवारी नागपूरहून पाहुणे आले की गोठ्याच्या दारात नाक दाबायच्या तयारीनंच उभे राहतात. मग हात खाली येतो आणि ठरलेला प्रश्न येतो, "वास कसा नाही हो? रोज फिनाईल टाकता का?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून एकदा नीट सांगतो.

वास येतो. कळमेश्वर तालुक्यातला आमचा गोठा, दोन गाई, बैलजोडी, सहा शेळ्या. अत्तराचा कसा येईल? पण डोळ्यांना झोंबतो तो वास शेणाचा नसतो, मुताचा असतो. मुतातल्या युरियाचा अमोनिया होतो आणि उडून जातो. म्हणजे तुमच्या नाकात शिरतं ते माझ्या वावरातलं नत्र. चाऱ्यातलं बहुतेक पालाशही मुतातूनच बाहेर पडतं. वडिलांनी हौसेनं फरशी घातली तेव्हा आम्ही रोज पाणी मारून हे सगळं नालीत सोडायचो आणि वर खताच्या बॅगा विकत आणायचो.

आता तणस, म्हणजे धानाचा पेंढा, अंथरतो. मौद्याकडे धान होतो, तिकडून ट्रॉली येते. शेजारचे काका पहिल्याच वर्षी म्हणाले, "काऊन रे बाप्पा, जनावराच्या पोटात टाकाचं का पायाखाली?" प्रश्न रास्त होता. म्हणून चांगलं तणस खायलाच. पावसात भिजून काळपट पडलेलं, ज्याला गाय तोंड लावत नाही, ते वाळवून खाली. झटकल्यावर बुरशीचा भुरका उडाला तर तेही नाही, सरळ खड्ड्यात. गव्हाणीत उरलेलं सोयाबीनचं कुटार (भुसकट) टोचतं, त्यावर तणसाचा थर लागतो.

सकाळी शेणाचे पो उचलायचे, ओलं तेवढं दाताळ्यानं ओढायचं, कोरडं भिंतीकडे सारायचं. संध्याकाळी तेच पुन्हा अंथरायचं. शेळ्यांचं तर रोज काढतही नाही. थरावर थर देतो आणि महिन्यानं उपसतो.

खरी गंमत त्या ओल्या तणसाची. ते मी आधी दोनदा चुकीचं वापरलं. एकदा थेट वांग्याच्या वाफ्यात मिसळलं, तर झाडं पिवळी पडली. तणसात कर्ब भरपूर आणि नत्र थोडं. ते कुजवायला जिवाणूंनी जमिनीतलंच नत्र ओढून घेतलं, वांग्याला काय राहणार? दुसऱ्या वेळी पावसाळ्यात संत्र्याच्या बुंध्याला चिकटवून ढीग लावला. बुंधा ओला राहिला, सालीतून डिंक गळायला लागला. डिंक्या रोग. त्याची बुरशी ओलीतच फोफावते, हे मला माहीत होतं, आणि तरी मीच तिला पांघरूण घातलं. दोन झाडं गेली. आता आच्छादन बुंध्यापासून हातभर लांब.

त्यानंतर खत कुजवायला नाडेपचं टाकं बांधलं. पुसदच्या पांढरीपांडेंची ही पद्धत आपल्या विदर्भातलीच: विटांच्या भिंतीत हवेसाठी मुद्दाम भोकं ठेवायची, आत काडीकचरा, शेणाचा काला आणि माती थरांनी भरायची, वरून लिंपून टाकायचं. तीन-चार महिन्यांत खत तयार होतं. गोठ्यातलं तणस मुतात आधीच मुरलेलं, त्यामुळे कमी शेणातही भागतं. त्रास फक्त मे महिन्याचा. पारा पंचेचाळीसवर गेला की टाकं आतून वाळतं, आणि वाळलं की कुजणं थांबतं. भेगा लिंपायच्या, पाणी शिंपायचं. मृगाआधी वावरात पडलं पाहिजे ना.

फिनाईल नाही, चुना नाही. कोरडं तणस, एवढंच. म्हणून श्रावणात झड लागली की माझं सोंग उघडं पडतं. सात-सात दिवस ऊन नाही, अंथरायला कोरडी काडी नाही, आणि गोठा तुमच्या मनातल्या गोठ्यासारखा होतो. त्या आठवड्यात येणार असाल तर नाक दाबूनच या.