नवा पीसी जुळवताय? सुरुवात प्लग पॉइंटपासून करा

घरी डेस्कटॉप जुळवायचा म्हटलं की सगळे आधी विचारतात, प्रोसेसर कोणता घेणार? मी आधी प्लग पॉइंट बघतो, मग एसएमपीएस (घरातली वीज पीसीला लागेल तशी करून देणारा डबा) आणि यूपीएस ठरवतो, आणि त्यानंतर प्रोसेसरकडे वळतो. आमच्या सांगलीत वळवाचा पाऊस सुरू झाला की लाइटचा खेळ चालू होतो. बायको याच मशीनवर दुकानदारांचे हिशेब टॅलीत लिहिते. एंट्री अर्धवट असताना मशीन बंद पडून डेटा करप्ट झाला, तर प्रोसेसर सहा कोअरचा आहे की सोळा, याला काय अर्थ?

जुन्या घरांत सॉकेट तीन पिनांचं असतं, पण तिसऱ्या पिनेला कधीकधी वायरच जोडलेली नसते. मशीन चालू असताना कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूला टेस्टर लावून बघा. दिवा लागला, तर बहुतेक वेळा दोष एसएमपीएसचा नसतो, अर्थिंगचा असतो. एसएमपीएसच्या आत फिल्टरचे छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलपासून बॉडीला जोडलेले असतात. अर्थिंग नसेल तर बॉडीवर निम्मं व्होल्टेज, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास, तरंगत राहतं. करंट अगदी कमी, म्हणून हाताला नुसत्या झिणझिण्या येतात. पण मॉनिटरची केबल लावता-काढताना तोच करंट पोर्टमधून वाट काढू शकतो. आम्ही वायरमनला बोलावून अंगणात खड्डा घेतला, कोळसा-मीठ घालून पाइप पुरला. नंतर न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये मल्टिमीटर लावला, तर रीडिंग २ व्होल्टच्या आत. पार्ट्सची ऑर्डर त्यानंतरच दिली.

आता एसएमपीएस. दुकानात सांगतात, ‘साहेब, कॅबिनेटबरोबर ४५० वॅटचा फ्री आहे.’ तो हातात घ्या आणि बाजूचं लेबल वाचा. आजचा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी पॉवर १२ व्होल्टच्या लाइनवरून घेतात. त्या रकान्यात १६ अँपिअर लिहिलं असेल, तर १२ गुणिले १६, म्हणजे १९२ वॅट एवढीच खरी ताकद. मी ५५० वॅटचा, ‘८० प्लस ब्राँझ’ असं कार्यक्षमतेचं रेटिंग असलेला घेतला. त्याच्या लेबलवर १२ व्होल्टच्या खाली ४५ अँपिअर आहे, म्हणजे ५४० वॅट. ब्राँझ म्हणजे निम्म्या लोडवर किमान ८५ टक्के कार्यक्षमता. उरलेल्या विजेची उष्णता होते. आमच्याकडच्या एप्रिल-मे महिन्यात ही उष्णता जितकी कमी तितकं बरं.

यूपीएस निवडताना नुसता व्हीए (व्होल्ट-अँपिअर) बघू नका. ६०० व्हीए लिहिलेला यूपीएस बहुधा ३६० वॅटच देतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे लाइट गेल्यापासून बॅटरीवर यायला त्याला किती वेळ लागतो. बहुतेक घरगुती यूपीएसना ४ ते १० मिलिसेकंद लागतात. तेवढा वेळ एसएमपीएसमधला मोठा कपॅसिटर आपल्या साठ्यावर मशीन चालवतो. चांगला एसएमपीएस भरपूर लोडवरही १६-१७ मिलिसेकंद तग धरतो. स्वस्तातल्यात कपॅसिटर लहान घातलेला असला, की यूपीएस असूनही मशीन रीस्टार्ट होतं आणि बिचाऱ्या यूपीएसच्या नावाने खडे फोडले जातात. म्हणून ही दोन्ही जोडीने ठरवायची. परत करायची मुदत आहे तोवर मशीनवर काम चालू ठेवून यूपीएसचं भिंतीवरचं बटण बंद करून बघायचं. टॅली मात्र तेव्हा बंद ठेवा.

एवढं झाल्यावर बाकीचं सोपं. प्रोसेसर एएमडीचा रायझन ५ ८६००जी. यातलं इनबिल्ट ग्राफिक्स इतकं चांगलं आहे, की लेकीचं ब्लेंडर (थ्रीडी चित्रांचं सॉफ्टवेअर) शिकणं आणि थोडं व्हिडिओ एडिटिंग त्यावर आरामात होतं. पण हे ग्राफिक्स मुख्य रॅमच वापरतं, त्यामुळे १६ जीबीची एक स्टिक घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन घ्या. एका स्टिकवर मेमरीचा मार्ग निम्मा होतो आणि ग्राफिक्स सरळ मंदावतं. २०२५च्या शेवटी रॅमचे भाव असे चढले, की आधी घेतलं तेच शहाणपणाचं ठरलं. मदरबोर्ड बी६५० चिपसेटचा. त्यावरचं एएम५ सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसवायची जागा, २०२७पर्यंत आणि त्यापुढेही चालू ठेवू, असं एएमडीनेच जाहीर केलंय, म्हणजे उद्या नुसता प्रोसेसर बदलता येईल. एसएसडी १ टीबीची, एनव्हीएमई या वेगवान प्रकारातली. कॅबिनेटला पुढे जाळी असावी, काच नको. रंगीबेरंगी लाइटवर मी एक रुपया घातला नाही.

खरेदी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर करा, नाहीतर गावातल्या दुकानात, पण १८ टक्के जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर त्यावर लिहून घ्या. बिलाशिवाय दोन-तीन हजार कमी करून देतात. वॉरंटीची वेळ आली की तोच माणूस ओळख दाखवत नाही.

ग्राफिक्स कार्ड सध्या घेतलेलं नाही. लेकीला ब्लेंडरमध्ये खरंच गोडी लागली तर पुढच्या वर्षी घेऊ. या प्रोसेसरवर कार्डाला आठच लेन (डेटा ये-जा करायच्या वाटा) मिळतात, मधल्या किमतीच्या कार्डाला तेवढ्या पुरतात, आणि ५५० वॅटमध्ये त्याची जागा आत्ताच धरून ठेवली आहे. यूपीएस मात्र तेव्हा मोठा घ्यावा लागेल.