आमची वाटचाल: बार ओढण्याआधीचा आकडा

शिरोली एमआयडीसीत एक गाळा, एक सेकंडहँड यूटीएम (बार ओढून तोडणारं टेस्टिंग मशीन) आणि एक मायक्रोस्कोप, एवढ्यावर आमची टेस्टिंग लॅब उभी राहिली. उसाला पाणी देणाऱ्या ऑइल इंजिनांपायी कोल्हापुरात फाउंड्रीचा धंदा रुजला, पुढे ट्रॅक्टर-ट्रकचे पार्ट आले. त्यामुळे कामाला तोटा नव्हता. फाउंड्रीवाले एसजी आयर्नचे, म्हणजे आत ग्रॅफाइटचे गोळे असलेल्या ओतीव लोखंडाचे, बार पाठवायचे, आम्ही ते तुटेपर्यंत ओढायचो.

दुखणं वेळेचं होतं. वाय-ब्लॉक (मालाबरोबर ओतलेला चाचणीचा ठोकळा) थंड व्हायचा, कापायचा, लेथवर बार टर्न करायचा, मग तो आमच्याकडे. रिपोर्ट मिळेतो दुसरा दिवस उजाडायचा आणि माल फेटलिंगला (साफसफाईला), कधी थेट गाडीत. ५००/७ ग्रेडला टेन्साइल (ओढ सोसायची ताकद) किमान ५०० एमपीए आणि इलाँगेशन (तुटेपर्यंत बार किती लांबतो ते) किमान ७ टक्के लागतं. तांबं वाढवलं की पर्लाइट, म्हणजे लोखंडातली कडक रचना, वाढतो, टेन्साइल चढतं, पण इलाँगेशन पडतं. बार साडेपाच टक्क्यांवर तुटला की फोन ठरलेला, "साहेब, हे काल कळलं असतं तर?"

तसं ते कळण्यासारखं होतं. स्पेक्ट्रो मशीनवर काढलेली केमिस्ट्री, म्हणजे मेटलमध्ये काय किती आहे ते, मेटल ओतण्याआधीच हातात असते. आमच्या रजिस्टरांत केमिस्ट्री आणि तिच्यासमोर तुटलेल्या बारचे आकडे वर्षानुवर्षं पडून होते. कॉम्प्युटर शिकलेल्या माझ्या पुतणीने ते एक्सेलमध्ये भरले आणि त्यावर रँडम फॉरेस्ट चालवलं, म्हणजे जुन्या आकड्यांवरून शिकून नवा अंदाज देणारं कॉम्प्युटर मॉडेल. एकाच हीटचे (भट्टीच्या एका घाण्याचे) दोन बार असतील तर एक शिकवायला आणि दुसरा तपासायला घ्यायचा नाही, हा नियम तिने पहिल्या दिवसापासून पाळला. नाहीतर मॉडेल पाठांतर करतं आणि आपण खूश होतो.

मटेरियल्स प्रोजेक्टसारखा मोठा डेटाबेस २०११ पासून फुकट मिळतो, पण त्यात मुख्यतः कॉम्प्युटरवर गणित मांडून काढलेले स्फटिकांचे गुणधर्म आहेत, त्यावर आमचं भागत नाही. आमच्या लोखंडात स्क्रॅपबरोबर मँगनीज येतं, तेही दर लॉटला वेगळं. तांबं नेहमीएवढंच टाकूनही इलाँगेशन का पडलं, याचं उत्तर पुष्कळदा या मँगनीजमध्ये असतं.

रजिस्टरात एक रकाना मात्र नव्हता: मॅग्नेशियम ट्रीटमेंटनंतर किती मिनिटांनी ओतलं. मेटल थांबलं की मॅग्नेशियम उडत जातं आणि ग्रॅफाइटचे गोळे बिघडतात. आम्ही लॅडलजवळ (मेटल ओतायच्या भांड्याजवळ) घड्याळ लावलं आणि वेळ लिहायची विनंती केली. भट्टीवरचे मामा म्हणाले, "वेळ लिवतो, पर तुझ्या मशिनला ईचार, पाऊस आला की मेटल का रुसतंय?" प्रश्न रास्त होता. ओल्या स्क्रॅपचीही नोंद सुरू झाली.

केमिस्ट्री म्हणजे प्रत्येक फाउंड्रीचं गुपित, म्हणून मॉडेल ज्याचं त्याचं वेगळं ठेवलं. त्याने आमचं काम वाढलं, पण मालकांनी डेटा दिला तो त्यामुळेच. स्क्रीनवर एकच आकडा न देता पट्टा देतो, समजा टेन्साइल ४९० ते ५३०. केमिस्ट्री नेहमीच्या हद्दीबाहेर गेली तर "अंदाज नाही" एवढंच दिसतं.

यूटीएम अजून चालूच आहे. सर्टिफिकेटवर ओढलेल्या बारचाच आकडा लागतो, आणि मॉडेलला शिकवायलाही तोच. सध्या कास्टिंगच्या पातळ भिंतीतल्या हार्डनेसचं काम हातात घेतलंय. तिथे मेटल लवकर थंड होतं, त्यामुळे वाय-ब्लॉकचा आकडा तिथे लागू पडत नाही.