आवाज येतोय का?

पुण्यात आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांच्या मोसमात कधी नाट्यगृहात बसला असाल, तर ‘अरे, आवाज कुणाचा?’ ही आरोळी तुम्हाला ठाऊक असेल. पुरुषोत्तम करंडक ही एकांकिका स्पर्धा १९६३ साली सुरू झाली, आणि भरत नाट्य मंदिराच्या छताने आजवर किती पोरांचे घसे बसताना ऐकले असतील, याचा हिशेब कुणाकडे नसावा. त्या प्रश्नाचे उत्तर एकच असते, आपल्या महाविद्यालयाचे नाव, आणि तेही शेजारच्या महाविद्यालयापेक्षा वरच्या पट्टीत. २०२० साली मात्र या प्रश्नाची जागा दुसऱ्याच एका प्रश्नाने घेतली. तो कुणी ओरडून विचारत नसे. स्पर्धक कॅमेऱ्याकडे झुकून, भुवया वर करून, जवळजवळ अजिजीने विचारी, ‘‘सर, आवाज येतोय का?’’

मार्चमध्ये महाविद्यालये बंद झाली, वसतिगृहे रिकामी झाली आणि मुले आपापल्या गावी गेली. पावसाळा सरता सरता एका विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी दरवर्षीचा कला महोत्सव ऑनलाइन घ्यायचे ठरवले आणि सुगम गायन व समूहगान या दोन प्रकारांसाठी मला परीक्षक म्हणून बोलावले. (पेटी बरी वाजवतो आणि मानधनावर घासाघीस करत नाही, एवढीच माझी पात्रता.) महोत्सव मुलांनीच चालवायचा, ही रीत आपल्याकडे जुनी आहे, मुंबईत आयआयटीचा मूड इंडिगो १९७१ पासून आणि झेवियर्सचा मल्हार १९७९ पासून मुलांच्याच जिवावर उभा राहत आला आहे. पण मंडप, पास, रिक्षा, वडापाव, जनरेटर आणि फाटकावरची हुज्जत हे सगळे वजा केल्यावर चालवायचे तरी काय उरते, हे मला कळत नव्हते. ते पहिल्याच दिवशी कळले. समितीत पाहुण्यांची सरबराई पाहणारा एक मुलगा होता. एरवी त्याने मला दारातून आत नेले असते आणि दर तासाला चहा दिला असता. आता तो फक्त फोन करू शकत होता, म्हणून तो फोन करत होता. ‘‘सर, लिंक मिळाली ना? सर, पाणी घेऊन बसा. सर, दहा मिनिटांचा ब्रेक आहे, चहा घेऊन या.’’ चहा माझ्याच घरचा, माझ्याच हातचा. तरीही तो त्यानेच पाजल्यासारखा वाटला.

सुगम गायनाच्या फेरीत सगळ्यांत जास्त छळ झाला तो तानपुऱ्याचा. अखंड, एकाच पातळीवर चालणारा आवाज म्हणजे पार्श्वभूमीचा गोंगाट, अशी व्हिडिओ कॉलच्या सॉफ्टवेअरची समजूत असते, आणि म्हणून ते तानपुऱ्याला पंखा समजून गप्प करते. गायिकेला षड्ज ऐकू येतो, आम्हाला येत नाही. ती निर्धास्तपणे त्याच्यावर टेकून गाते आणि आम्हाला दिसते ती भिंत नसलेल्या जागी टेकलेली मुलगी. हे सेटिंग कुठे बदलायचे, ते तांत्रिक बाजू सांभाळणारी एक विद्यार्थिनी प्रत्येक स्पर्धकाला न कंटाळता सांगत होती, आणि तिच्या त्या चार वाक्यांना अखेरीस मंगलाष्टकांसारखी ठरलेली चाल लागली होती.

एका मुलाने आपला क्रम मुद्दाम रात्री साडेदहाचा मागून घेतला होता. त्याच्या गावी त्या आठवड्यात शेतीपंपाची थ्री फेज वीज रात्रीची होती, मोटर चालू करायला तो मळ्यात जाणारच होता, आणि रेंजही विहिरीपाशीच मिळत असे. त्याने अंगाभोवती शाल घेऊन, डोक्यावरच्या एका बल्बखाली भावगीत गायले. अंतऱ्यात त्याच्या मागे पाणी पाटात पडू लागल्याचा आवाज आला आणि सॉफ्टवेअरने तोही नेमाने पुसून टाकला. मला मात्र तो हवा होता. गुणपत्रिकेत ‘साथसंगत’ असा रकाना असतो. तिथे मी क्षणभर थांबलो होतो, हे आता सांगायला हरकत नाही.

रांगोळीचे परीक्षण माझ्याकडे नव्हते, तरी मी ती पाहत बसलो. एरवी सभागृहात आपण पोहोचतो तेव्हा रांगोळी झालेली असते आणि आपण दोरीच्या पलीकडून मान वाकडी करून पुढे सरकतो. इथे प्रत्येकीने फोन उलट्या स्टुलाला किंवा कपड्यांच्या दांडीला बांधून खाली वळवला होता, आणि अडीच तास फक्त हात दिसत होते. चिमूट सुटते तेव्हा अंगठा तर्जनीवर किती हलका फिरतो, रेघ जाड होऊ लागली की मनगट किती वर उचलले जाते, चुकलेला कण करंगळीच्या नखाने कसा वेचला जातो, हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिले. घरात दर दिवाळीला रांगोळी निघते, पण तेव्हा मी बहुधा आकाशकंदिलाच्या वायरशी झगडत असतो. एका चौकटीत कुणीतरी नकळत पंखा लावला आणि निम्मा मोर उडाला, ‘‘आई गं!’’ एवढेच ऐकू आले आणि दोन मिनिटांनी हात पुन्हा पिसाऱ्याच्या टोकापासून कामाला लागले.

खरी पंचाईत समूहगानाची होती. सहा जणांनी सहा गावांतून एकत्र गायचे, तर सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे गाठायची? आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर, म्हणजे रंगमंचावर दहा मीटरवर बसलेल्या तबलजीचा ठेका आपल्याला सेकंदाच्या सुमारे चौतिसाव्या भागाने उशिरा पोहोचतो, आणि तेवढे कान सांभाळून घेतो. व्हिडिओ कॉलवर सेकंदाचा पाचवा-सहावा भाग सहज जातो. तबलजी जणू मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, साठ-सत्तर मीटरवर बसलेला. द्रुत त्रितालात मिनिटाला २४० मात्रा धरल्या, तर एक मात्रा पाव सेकंदाची. म्हणजे एक जण समेवर येतो तेव्हा दुसऱ्याची सम अजून वाटेत असते. मुलांनी हे आधी करून पाहिले होते. विलंबित ही संथ लय आहे, हा नुसता विलंब होता. त्यात कितीही तालीम केली तरी गाणे जुळणार नव्हते.

म्हणून प्रत्येकाने कानात ठेका ऐकत आपापला भाग एकट्याने रेकॉर्ड केला आणि एकीने ते सहा तुकडे रात्र जागून जोडले. निकाल अगदी सुबक होता. सगळे समेवर एकाच क्षणी आले, आणि तिथेच माझे मन जरा खट्टू झाले, कारण समेला येताना गाणारे एकमेकांकडे पाहून जी मान हलवतात, ती इथे सहाही जणांनी समोरच्या भिंतीकडे पाहून हलवली होती.

शेवटच्या रात्री निकाल जाहीर झाले. सूत्रसंचालिकेने सगळ्यांचे माइक खुले केले आणि कुणीतरी ओरडले, ‘‘अरे, आवाज कुणाचा?’’ पन्नासेक चौकटींतून एकदम उत्तर आले असणार. तोंडे तर सगळ्यांची उघडलेली दिसत होती. पण ते सॉफ्टवेअर एका वेळी एखाददुसऱ्याचाच आवाज पुढे करते, आणि ज्याचा पुढे करते त्याच्या चौकटीला पिवळी कड लावते. ती कड या चौकटीवरून त्या चौकटीवर उड्या मारत राहिली, दर वेळी एखाद्या महाविद्यालयाच्या नावाचे एखादे अक्षर ऐकू येत राहिले, आणि शेवटी ती येऊन थांबली सरबराईवाल्या मुलाच्या चौकटीवर. तो ओरडत नव्हता. तो विचारत होता, ‘‘सर, येतोय ना आवाज?’’